अनवाणी पाय आणि इंडिया गेटजवळचे मैदान



दिल्लीत चार मराठी माणसे जमली, की क्रिकेटवर लवकर एकमत होते. खरा रंग चढतो तो फुटबॉलच्या वादाला. त्यात एखादा कोल्हापूरकर असला, तर विचारायलाच नको. मंगळवार पेठ की शिवाजी पेठ, हा तंटा त्याने बाळकडूबरोबरच घेतलेला असतो. अशा मैत्रीच्या भांडणात एक विधान हमखास येते : १९५० च्या विश्वचषकाला भारत गेला नाही, कारण फिफाने अनवाणी खेळू दिले नाही.

ही कथा कानाला गोड लागते. पण ती तपासून पाहावी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणीच फ्रान्सविरुद्ध उतरले आणि १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ मध्ये हेलसिंकीलाही अनेकांच्या पायांत बूट नव्हते. त्या वेळी युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला, ही गोष्ट वेगळी! मग मधल्या १९५० सालीच पाय आडवे कसे आले? पात्रता गटातील प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतल्यामुळे भारताला ब्राझीलचे दार आपोआप उघडले होते. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात नावही पडले होते. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितले, की विश्वचषकाची थोरवी तेव्हा कोणाला ठाऊक नव्हती. सर्वांच्या दृष्टीने ऑलिम्पिक हेच सर्वस्व होते. लांबचा प्रवास आणि सरावाची अडचण यांचीही चर्चा झालीच. अनवाणी पायांचे निमित्त तेवढे लोकांच्या स्मरणात राहिले.

यातली चुटपुट अशी, की न खेळलेली स्पर्धा सर्वांना पाठ आहे आणि स्वतःच्या शहरात जिंकलेली स्पर्धा फारशा कोणाला आठवत नाही. मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्लीत भरल्या. मन्नांच्याच नेतृत्वाखाली भारताने इंडोनेशिया आणि अफगाणिस्तान यांना प्रत्येकी ३-० असे हरवले. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलने इराणवर मात करून सुवर्णपदक मिळवले. हे घडले इंडिया गेटजवळच्या नॅशनल स्टेडियमवर. त्याचेच जुने नाव आयर्विन अँफिथिएटर. तेथेच डिसेंबर १९४० मध्ये मोहामेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ असे नमवून ड्युरँड चषक पटकावला होता. आज त्या मैदानाला हॉकीच्या जादूगाराचे, मेजर ध्यानचंदांचे नाव आहे. त्यामुळे फुटबॉलच्या या दोन्ही आठवणी तेथे जणू पाहुण्यासारख्या राहतात.

'पहिला भारतीय विजेता कोण?' या प्रश्नावर तर तीन शहरे भांडतात. कोलकाता १९११ सालच्या मोहन बागानकडे आणि आयएफए शील्डकडे बोट दाखवते, मुंबई १९३७ साली रोव्हर्स चषक जिंकणाऱ्या बंगलोर मुस्लिम्सकडे, तर दिल्ली १९४० च्या ड्युरँडकडे. तिघांचेही बरोबर आहे, कारण चषकच तीन आहेत. पण हे मान्य केले तर गप्पाच संपतील!

ड्युरँडबद्दल आणखी एक दावा वरचेवर ऐकू येतो : १८८८ साली सुरू झालेली ही जगातील तिसरी जुनी स्पर्धा. येथे बोटांवर मोजलेले बरे. इंग्लंडचा एफए चषक १८७१ चा, स्कॉटलंडचा १८७३ चा, वेल्सचा १८७७ चा आणि आयर्लंडचा १८८१ चा. तिसरा क्रमांक कुठून येतो, हे सांगण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर. आशियातील सर्वांत जुनी, एवढे म्हटले तरी तिच्या मानाला उणेपणा येत नाही.

आजचे विद्यार्थी या जुन्या सनावळ्या ऐकून जांभई देतात आणि ९ ऑक्टोबर २०१७ ची रात्र पुढे करतात. जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर सतरा वर्षांखालील विश्वचषकात मणिपूरच्या जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा हा पहिला गोल. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा लहान मुलांचा विश्वचषक, खरा नव्हे. मुले विचारतात, खऱ्या विश्वचषकाला तुमच्या पिढीतले गेले होते का? कोल्हापूरकर मध्येच आठवण करून देतो, की त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. जेमतेम मिनिटभरात कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली आणि सामना २-१ असा जिंकला, हे मात्र त्या वादात कोणीच काढत नाही.