'शेकिंग द ट्री': शॉर्टकट की स्वतंत्र अल्बम?

आज पीटर गॅब्रिएलच्या 'शेकिंग द ट्री'बद्दल बोलू. १९७५मध्ये जेनेसिस सोडल्यानंतरच्या त्याच्या सोलो कामातली ही १६ गाणी, १९९०मध्ये एकत्र आलेली. प्रोग रॉक ऐकणारे माझे मित्र या अल्बमचं नाव काढलं की नाक मुरडतात. 'बेस्ट ऑफ' ऐकणं म्हणजे म्हणे पंगतीत बसून नुसती जिलेबी खाऊन उठणं!

त्यांची एक तक्रार मला पटते. बरीच गाणी इथे कापून छोटी केलीयत. आणि रॉबर्ट फ्रिपने प्रोड्यूस केलेला १९७८चा दुसरा अल्बम? त्यातलं एकही गाणं नाही. हे अतीच झालं राव.

दुसरी तक्रार क्रमाची. सालाचा काही हिशोबच नाही, १९८०चं 'बिको' थेट शेवटी. मला मात्र हेच बरोबर वाटतं. दक्षिण आफ्रिकेत पोलिसांच्या ताब्यात असताना मेलेल्या स्टीव्ह बिकोवरचं गाणं आहे ते. त्यानंतर लावणार तरी काय?

पण खरा मुद्दा 'हिअर कम्स द फ्लड'. १९७७च्या पहिल्या अल्बममध्ये ते ड्रम्स-गिटारसकट केवढं तरी फुगवलंय. इथे १९९०मध्ये नव्याने रेकॉर्ड केलेलं, फक्त पियानो आणि आवाज. श्वास घेतलेला कळतो. तेरा वर्षांनी स्वतःच्याच गाण्यातलं इतकं सगळं काढून टाकायला हिंमत लागते, आणि कोड लिहिणाऱ्याला ती जरा जास्तच कळते.

हेडफोन लावून दोन्ही व्हर्जन्स ऐका. जुनं जास्त आवडलं तर व्हॉइस नोट पाठवा, भांडू आपण.