गाडी आपली, स्क्रू कोणाचा?

आज आम्ही स्क्रूबद्दल बोलणार आहोत. हसू नका. गटातून गाडीसाठी कर्ज जातं, गाडी दारात बंद उभी राहिली की हप्ता थकतो. म्हणून विषय आपलाच आहे.

फुलीचा स्क्रू आपल्याला माहीत आहे. तो 1936 च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅक गाड्यांच्या कारखान्यात आला, कारण त्यानं काम भराभर होई. पेटंट त्यालाही होतं. पण त्याचा स्क्रू ड्रायव्हर आज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

आता जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनं वेगळ्याच स्क्रूच्या पेटंटसाठी अर्ज केला आहे. त्याचं डोकं कंपनीच्या गोल चिन्हासारखं. चार पाव भाग, त्यातले समोरासमोरचे दोन खोलगट. बाजारातला पाना त्यात बसू नये, हाच हेतू. अर्ज केला म्हणजे तो गाडीत आला असं नाही. आणि बीएमडब्ल्यू काही आपल्या गल्लीत येत नाही! पण अशी रीत एकदा पडली की ती टेम्पो-स्कूटरपर्यंत यायला वेळ लागत नाही, असं आम्हाला वाटतं.

एअरबॅग किंवा विजेच्या गाडीची बॅटरी कुणीही उघडू नये, हे कंपन्यांचं म्हणणं आम्हालाही पटतं. तो जिवाशी खेळ आहे. पण मग गॅरेजवाल्या पोरांना शिकवा, माहिती द्या. कुलूप कशाला?

आपल्याकडे हा वाद जुनाच आहे. 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची यंत्रं, दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत, हे कारण. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या त्याविरुद्ध वर दाद मागायला गेल्या, ते वेगळं. 2022 मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर गाड्या आणि शेतीची अवजारंही आहेत.

आमच्या गटांत आता गाडीच्या कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो. सुटे भाग तालुक्याला मिळतात का? आपला नेहमीचा मेकॅनिक ही गाडी उघडू शकतो का? वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय? शोरूमवाल्याकडून उत्तर लेखीच घ्या. पुढे अडवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. फोन करताना बिल हाताशी ठेवा.