एका वर्षाची पवारणा

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या समारंभात केलेले भाषण)





गेल्या वर्षी याच दिवशी याच सभागृहात आपण सर्वांनी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले आणि बावीस प्रतिज्ञांचे पठण केले. त्या रात्री घरी परतल्यावर आमच्या घरातील चौघांनी, म्हणजे आम्ही उभयता, कन्या आणि चिरंजीव यांनी, एका कागदावर चार संकल्प लिहिले व तो कागद फ्रीजवर लावला. वर्ष सरले. कार्यकारिणीने आम्हांस आज 'काही प्रेरणादायी' बोलण्याची आज्ञा केली आहे. प्रेरणा द्यावी इतके यश आमच्या पदरी पडलेले नाही. म्हणून त्या कागदाचा हिशेबच आपल्यापुढे ठेवतो.

पहिला संकल्प रोज अर्धा तास चालण्याचा. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. आम्हा दक्षिण आशियाई लोकांना हा विकार तुलनेने कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. आम्ही रुग्णांना हे दररोज सांगतो. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्याला दीडशे मिनिटांचा व्यायाम आणि सुमारे सात टक्के वजन घटविण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, हेही आम्ही तोंडपाठ सांगतो. आणि गेल्या वर्षी आमचीच एचबीएवनसी ४५ निघाली! या देशात ४८ पासून मधुमेह मानतात. ४२ ते ४७ ही धोक्याची सूचना. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आम्ही उत्साहाने चाललो. डिसेंबरात येथे सूर्य चारच्या आत मावळतो. अंधार, पाऊस, रुग्णालयातील पाळी अशी कारणे एकामागून एक हजर झाली. रुग्णांनी हीच कारणे सांगितली, तर आम्ही भुवया उंचावतो. मार्चमध्ये शेजारच्या गल्लीतील एका मराठी कुटुंबाने दारावरची घंटा वाजवून 'चला' म्हटले, तेव्हा चालणे पुन्हा सुरू झाले. या महिन्यात आकडा ४३ आला. दोन अंकांच्या या यशातील निम्मा वाटा त्या घंटेचा आहे.

दुसरा संकल्प दर रविवारी सायंकाळी मुलांसमवेत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचण्याचा. मायदेशी वर्षावासात विहाराविहारांतून या ग्रंथाचे वाचन होते. येथे विहार दूर आणि मुले मराठीपासून त्याहून दूर. पहिल्या काही रविवारी आम्ही मराठीत वाचत राहिलो आणि मुले घड्याळ पाहत राहिली. मग चिरंजीवांनीच विचारले, "बाबासाहेबांनी हे मूळ कोणत्या भाषेत लिहिलं?" इंग्रजीत, हे उत्तर देताना आमचे आम्हांलाच हसू आले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली हा ग्रंथ इंग्रजीतच प्रसिद्ध झाला. त्या दिवसापासून मुले मूळ इंग्रजी परिच्छेद वाचू लागली व आम्ही तोच मराठीत वाचू लागलो. बावन्नपैकी एकतीस रविवार साधले. उरलेले एकवीस लग्नसमारंभ, परीक्षा आणि क्रिकेटचे सामने यांत गेले.

तिसरा संकल्प दानाचा. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले होते. आमच्या तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकणाऱ्या दोन मुलींचा खर्च आम्ही उचलला. हा संकल्प बाराही महिने पाळला गेला. परंतु त्याचे श्रेय बँकेचे. एकदा स्टँडिंग ऑर्डर दिली की रक्कम आपोआप जाते. मनाला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र जून महिन्यात त्यांपैकी एका मुलीचे पत्र आले. बारावीनंतर नर्सिंगला जावे की विज्ञान शाखेची पदवी घ्यावी, असा तिचा प्रश्न होता. या पत्राला उत्तर द्यायला आम्हांस सहा आठवडे लागले. तोवर प्रवेशाची मुदत टळता टळता राहिली. ऐन मुदतीस वसतिगृहाच्या अधीक्षिकेने स्वतः कार्यालयात जाऊन अर्ज भरला, म्हणून मुलीचे वर्ष वाचले. तिला पैशाइतकीच गरज अर्ध्या तासाच्या सल्ल्याची होती. पैसा आम्ही वेळेवर दिला. अर्धा तास देऊ शकलो नाही.

चौथा संकल्प पंचशीलातील पाचव्या शीलाचा, म्हणजे मद्य वर्ज्य करण्याचा. येथे मात्र हिशेब मांडताना जीभ जड होते. नाताळच्या सुमारास सहकाऱ्यांच्या मेजवानीत आम्ही ग्लास हाती घेतला. चौघांपैकी तो हात कोणाचा, हे लपवीत नाही. तो या वक्त्याचा. नकार दिला असता तर कोणी रागावले नसते, हेही खरे. त्यानंतर आणखी दोनदा तसेच घडले. घरी आम्ही अवाक्षर काढले नाही.

आता पवारणेविषयी. आषाढ पौर्णिमेपासून सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेस संपतो, तेव्हा भिक्खुसंघ एकत्र जमतो. प्रत्येक भिक्खू हात जोडून संघाला विनंती करतो की, माझा काही दोष आपण पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेपोटी मला सांगावे. तो दिसल्यावर मी सुधारीन. या विधीचा आरंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्खू करतो. स्वतः तथागतांनीही एका पवारणेस आपल्या आचरणात काही निंद्य आढळले का, असे संघाला विचारले होते, अशी नोंद संयुत्तनिकायात आहे. जगातील कोणत्या गुरूने शिष्यांना असे विचारले असेल?

गेल्या आठवड्यात जेवणानंतर आम्ही तो कागद फ्रीजवरून काढला आणि घरातल्या घरात पवारणा केली. ज्येष्ठ म्हणून पहिली पाळी आमची. मुलांना म्हटले, "काही पाहिलं-ऐकलं असेल तर सांगा." आमची अपेक्षा एकवीस रविवारांची होती. सतरा वर्षांची कन्या थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाबा, एप्रिलमध्ये जयंतीला स्टेजवरून पंचशील तुम्हीच म्हणवून घेतलंत. नाताळात तुम्हांला घ्यायला आई गाडी घेऊन आली, तेव्हा मी मागच्या सीटवर होते. मला वास आला होता." दहा महिने ती हे मनात ठेवून होती. त्या दहा महिन्यांत आम्ही तिला किती उपदेश केले असतील!

आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मला सॉरी नकोय. पुढच्या वर्षी मी विचारीन तेव्हा खरं सांगा."

बंधुभगिनींनो, शीलांना पालीत 'सिक्खापद' म्हणतात. सिक्खापद म्हणजे शिकण्याचे पाऊल. म्हणूनच आपण ती एकदाच न घेता प्रत्येक वंदनेच्या वेळी पुन्हा घेतो. पाऊल चुकले तर पुढचे टाकायचे असते. याच देशातले उदाहरण घ्या. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा आले. प्रबंधात बदल सुचविले गेले, ते त्यांनी केले आणि १९२३ साली डी.एस्‌सी. पदवी मिळविली. त्यांच्या मार्गात परिस्थिती आडवी आली होती, आमच्या मार्गात आम्हीच आलो, हा फरक आम्ही विसरत नाही. परंतु खंड पडला म्हणून संकल्प संपत नाही, एवढे त्यांच्याकडून शिकता येते.

आमच्या कागदाचा निष्कर्ष साधा आहे. जेथे कोणी दार वाजविले, कोणी प्रश्न विचारला, तेथे आम्ही टिकलो. जेथे आम्हांस विचारणारे कोणी नव्हते, तेथे घसरलो. या परदेशात आपल्याला विचारणारे गाव नाही, वस्ती नाही, वडीलधारे नाहीत. म्हणून विनंती एवढीच की, येत्या आश्विन पौर्णिमेला प्रत्येक घराने जेवणानंतर अर्धा तास काढावा, सर्वांत मोठ्याने सर्वांत आधी हात जोडावेत, आणि मुलांना निर्भयपणे बोलू द्यावे.

नवा कागद फ्रीजवर लागला आहे. अक्षर कन्येचे आहे आणि चौथा संकल्प तिने पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे. पुढील वर्षी याच सभागृहात आपणांपैकी कोणीही आम्हांस त्याविषयी विचारावे.

नमो बुद्धाय! जयभीम!