'निवड झाली की बोलेन'



हैदराबादला आमच्या सोसायटीत एक मराठी कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा २७ वर्षांचा, एका मालवाहतूक कंपनीत नोकरीला. दिवाळीत फराळाला आला आणि चकली हातात घेऊन सरळ मुद्द्यावर आला. "काका, तुम्ही टेरिटोरियल आर्मीत होतात ना? मी अधिकाऱ्यांच्या परीक्षेचा अर्ज भरतोय. पुढे करिअरला याचा किती फायदा होईल?"

मी विचारलं, "साहेबांशी बोललास?"

"अजून नाही. निवड झाली की बोलेन."

आज मी बोलणार आहे ते या 'निवड झाली की बोलेन'बद्दल.

टेरिटोरियल आर्मी, म्हणजे प्रादेशिक सेना, म्हणजे आपली टी.ए. कायदा १९४८चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं. कल्पना साधी आहे: एरवी आपापला कामधंदा करणारा नागरिक वर्षातून काही काळ गणवेश चढवतो, शिकतो, आणि गरज पडली की सैन्यासोबत उभा राहतो. अधिकारी व्हायचं तर वय १८ ते ४२, पदवी, आणि स्वतःची कमाई हवी. ही शेवटची अट लोक वाचतच नाहीत. नियमित सैन्यात किंवा पोलिसात असलेल्याला इथे जागा नाही, आणि बिनकमाईच्या माणसालाही नाही. टी.ए. हा नोकरी मिळवण्याचा रस्ता नव्हे. पगार मिळतो तो प्रशिक्षणाच्या किंवा सेवेच्या काळात, नियमित अधिकाऱ्याच्या बरोबरीने. घरी परतलात की तो थांबतो.

जवानांच्या भरतीत तर हा गैरसमज जीवघेणा आहे. कोल्हापूरला १०९ मराठा लाइट इन्फंट्री, पुण्याला १०१, भुसावळला ११८ ग्रेनेडियर्स अशा टी.ए.च्या बटालियन आहेत. भरती निघाली की गावागावांतून पोरं येतात, रात्री रस्त्याकडेला झोपतात, पहाटे धावतात. त्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, ही पक्की नोकरी. बटालियन वर्षानुवर्षं सेवेत राहिली तर पगार चालू राहतो हे खरं. पण तशी हमी कुणी देत नाही, आणि पेन्शनसाठी जवानाला प्रत्यक्ष सेवेची १५ वर्षं भरावी लागतात, अधिकाऱ्याला २०. तुमच्या गावातलं कुणी जाणार असेल तर एवढं तरी त्याला सांगा.

आता सोसायटीतल्या मुलाचा हिशोब. पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण. दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर. आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं कमिशननंतरचं प्रशिक्षण, चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत. बेरीज करा. पहिल्या दोन वर्षांत आठ महिने तुम्ही खुर्चीवर नाही. सरकारी खात्यात यासाठी वाट आखलेली असते. खासगी कंपनीत तुमचा साहेब कोण आहे आणि तिमाहीचे आकडे कसे आहेत, यावर सगळं ठरतं.

हे झालं शांततेतलं. बोलावणं आलं की हिशोब बदलतो. १९६२, १९६५, १९७१ या तिन्ही युद्धांत टी.ए.च्या तुकड्या होत्या. आणि हा काही जुना इतिहास नाही. मे २०२५मध्ये केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टी.ए.च्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि जवानाला बोलावण्याचा अधिकार दिला; ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करण्याचं त्यात होतं, फेब्रुवारी २०२८पर्यंतच्या मुदतीसाठी. ज्यांनी 'वर्षातले दोन महिने' एवढंच घरी सांगितलं होतं, त्यांना ती बातमी वाचून घरच्यांना काय सांगावं लागलं असेल, याचा मी त्या दिवशी विचार करत होतो.

मलाही एकदा बोलावणं आलं होतं. पावणेदोन वर्षं जम्मू-काश्मीरमध्ये गेली. परतलो तेव्हा नोकरी शाबूत होती. त्याचं कारण त्याच १९४८च्या कायद्याचं कलम ७-अ. मालकाने परत आलेल्या माणसाला त्याच्या कामावर घ्यायचं, आणि नोकरीत खंड पडला नसता तर ज्या अटी मिळाल्या असत्या त्याहून कमी नसलेल्या अटींवर. कलम ऐकायला भक्कम आहे. पण पुढे वाचा. मालक आणि कामगाराचं पटलं नाही तर प्रकरण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जातं, आणि तो अधिकारी मालकाला सूटही देऊ शकतो. आदेश मोडला तर मालकाला दंड किती? जास्तीत जास्त एक हजार रुपये, आणि कामगाराला सहा महिन्यांचा पगार. १९४८मध्ये हजार रुपयांना वजन होतं. आज तेवढ्यात ऑफिसातल्या चहाचं बिलही भागत नाही.

आणि कायदा खुर्ची परत देतो, मधली वर्षं देत नाही. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा माझा वरिष्ठ झाला होता. त्यात त्याची चूक नव्हती, कंपनीचीही नव्हती. काम थांबत नसतं. मला ते गिळायला वर्ष लागलं.

मग मी दुसरीकडे अर्ज केले. मुलाखतीत सैन्याचा उल्लेख आला की लोक खुर्चीत सावरून बसायचे, हात मिळवायचे. आणि शेवटी हमखास तोच प्रश्न: "पुन्हा बोलावलं तर?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. असूच शकत नव्हतं. बायोडेटामधली ती एक ओळ दारही उघडते आणि समोरच्याला सावधही करते.

फायदा झालाच नाही असं नाही. शंभर माणसांचा शिधा, गाड्या, रजा, भांडणं, घरून आलेले वाईट फोन, हे सगळं अपुऱ्या साधनांत सांभाळायला मी तिथे शिकलो. सुभेदार साहेबांचं ऐकायला शिकलो, ते तर कुठल्याच एमबीएत शिकवत नाहीत. पण हे तुमच्या क्षेत्रातलं कौशल्य नव्हे. संगणक अभियंता पायदळाच्या टी.ए.त गेला तर तो तिथे पायदळाचाच अधिकारी. अपवाद आहेत. २०२३मध्ये टी.ए.ने पाच चिनी भाषातज्ज्ञ घेतले. तिथे माणसाचं नागरी काम आणि लष्करी काम एकच आहे. तेल क्षेत्राच्या तुकड्या आहेत, पण त्या त्या क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी. डेहराडूनची १९८२पासूनची पर्यावरण बटालियन किंवा छत्रपती संभाजीनगरची १३६ महार झाडं लावतात, पण तिथे घेतात प्रामुख्याने माजी सैनिकांना. म्हणून जाहिरातीतला गणवेश पाहण्याआधी तुकडी कुठली आणि काम काय, ते वाचा.

धोनी आणि कपिल देव यांचं नाव बरेच जण काढतात. ते मानद अधिकारी आहेत. सचिन पायलट मात्र २०१२मध्ये रीतसर निवड होऊन गेले. पण त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात 'उपस्थिती' नावाचा रकाना नसावा.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. बशीत एकच चकली उरली होती. तो म्हणाला, "म्हणजे जाऊ नको?"

मी म्हटलं, "जा. मी पुन्हा गेलो असतो. पण फायद्यासाठी गेलो असतो तर त्या पहिल्या हिवाळ्यातच परत आलो असतो. आधी साहेबांना विचार, दोन महिने दरवर्षी चालतील का. मग आईला विचार, दोन वर्षं चालतील का. दोघांनाही आकडा सांग."

पंधरा दिवसांनी लिफ्टमध्ये भेटला. साहेबांशी बोलणं झालं होतं. ते म्हणाले होते, मार्चनंतर बघू. आईशी अजून बोलला नव्हता. अर्जाची मुदत त्या आठवड्यात संपत होती. "पुढच्या वेळी भरतो, काका," म्हणाला. वयोमर्यादा ४२ आहे. त्याच्याकडे पंधरा वर्षं आहेत.