‘एलिएनेशन’: परकं कोण, कशापासून?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या चर्चांत ‘एलिएनेशन’ हा शब्द वारंवार येतो. कुणी त्याला दुरावा म्हणतं, कुणी परात्मता. शब्द जड वाटला तरी मूळ सोपं आहे. लॅटिनमध्ये ‘आलिउस’ म्हणजे दुसरा आणि ‘आलिएनुस’ म्हणजे दुसऱ्याचा, परका. ‘मुलगी परक्याचं धन’ हे ऐकत वाढलेल्या आपल्याला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

पहिला अर्थ मिळकतीचा. रोमन कायद्यात ‘आलिएनातिओ’ म्हणजे मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणं. पालकाच्या अधिकाराखालच्या स्त्रीला इटलीतली जमीन, गुलाम, बैल त्याच्या संमतीविना असे देता येत नसत. आपल्या कायद्याच्या मराठीत यालाच ‘अन्यसंक्रामण’ म्हणतात. हिंदू विधवेला नवऱ्याची मिळकत मिळाली, तरी ती हयातीपुरती. उत्पन्न खायचं, पण कायदेशीर निकड असल्याशिवाय विकायचं नाही. तिच्या मागे मिळकत पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातील कलम १४ ने तिला पूर्ण मालक केलं. जे देता येत नाही, ते आपलंही नसतं, हा त्यातला धडा.

दुसरा अर्थ मनाचा. ‘आलिएनातिओ मेन्टिस’ म्हणजे बुद्धिभ्रंश. एकोणिसाव्या शतकात मनोविकारतज्ज्ञांना इंग्रजीत ‘एलिएनिस्ट’ म्हणत. नको झालेल्या बायकोवर वेडाचा शिक्का मारणं आपल्या सल्लाकेंद्रांना नवीन नाही.

तिसरा अर्थ श्रमाचा. मजुरानं घडवलेली वस्तूच त्याच्यासमोर परकी होऊन उभी राहते, असं मार्क्सनं १८४४ च्या हस्तलिखितांत मांडलं. आपल्या घरकामाला तर श्रम म्हणूनही मोजत नाहीत.

आता हा शब्द मुलांच्या ताब्याच्या खटल्यांत आला आहे. १९८५ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी ‘पेरेंटल एलिएनेशन सिंड्रोम’ ही कल्पना मांडली: एक पालक मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ च्या एका निकालात तिची दखल घेतली. मुलांचे कान भरणारे पालक नसतातच असं नाही. पण मूल बापाला का भितं, हे न विचारताच आईला दोषी ठरवलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२३ च्या अहवालात या कल्पनेला शास्त्रीय आधार नसल्याचं आणि हिंसेची तक्रार करणाऱ्या आयांविरुद्ध ती वापरली जात असल्याचं नमूद केलं.

म्हणून मिळकतीचा कागद असो, डॉक्टरचा दाखला असो की ताब्याचा अर्ज, हा शब्द दिसला की तीन प्रश्न विचारा: कोण परकं झालं? कशापासून? आणि केलं कुणी?