आजीचा फोटो आणि दोन आचारी: घरच्या प्रिंटरवर खरे रंग कसे आणायचे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून टाकतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" कमी केलेत.

विषय आहे घरच्या प्रिंटरवर फोटो छापणं. फोनवर मस्त दिसणारा फोटो कागदावर आला की वेगळाच दिसतो, हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेतला असणार. मी तो जरा महागात घेतला. सांगतो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आजी म्हणाली, "एवढा मोठा फोन घेऊन फिरतोस, माझा एक बरा फोटो काढून ठेव. नाहीतर मी गेल्यावर ऐन वेळी आधार कार्डावरचा लावाल."

आम्ही सगळे हसलो. पण ती हसत नव्हती.

मग सकाळच्या उजेडात, पडवीत बसवून फोटो काढला. हिरवं नऊवारी, लाल काठ, चष्मा, कपाळावर गोंदण. फोटो खरंच छान आला. पुण्याला परत आलो आणि घरच्या इंक टँक प्रिंटरवर ग्लॉसी कागदावर छापला. चेहरा तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा, लुगडं जवळजवळ काळं. मला वाटलं, चालेल. पुढच्या खेपेला तिला दाखवला. तिने चष्मा वर-खाली करून बघितला आणि म्हणाली, "एवढी काळवंडले का रे मी?"

लगेच फोनवर ब्राइटनेसचा स्लायडर वर नेला, परत छापला. आता चेहरा पांढराफटक. तो बघून आजी म्हणाली, "ही तर पिठात पडली! गोरी करू नकोस रे मला, लोक ओळखणार कसे?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. कारण आपले फोन काय करतात? चेहरा दिसला की उजळ करतात, सुरकुत्या पुसतात. आणि इथे एक बाई सांगतेय, मला सुंदर नको, मला मीच पाहिजे. मी बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो, आणि मला आजीचा रंग कागदावर आणता येत नाही? मग इगो आड आला. त्या शनिवारी मी अकरा कागद वाया घालवले. प्रत्येक वेळी तीन-तीन गोष्टी एकदम बदलत होतो. ऑफिसमध्ये एखाद्या ज्युनिअरने असं डीबगिंग केलं असतं तर मीच त्याला झापलं असतं.

तर आता जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट: स्क्रीन दिवा आहे, कागद दिवा नाही

स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते. लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग बनतात, आणि तिन्ही पूर्ण दिले की पांढरा. कागदाचं उलटं. कागदावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई खाऊन टाकते, उरलेला आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे प्रिंटमधला सगळ्यात पांढरा रंग कोणता? कोरा कागद. त्याच्यापेक्षा पांढरं काही छापताच येत नाही.

आता आपण फोन कसा वापरतो? ब्राइटनेस फुल्ल. आजच्या बऱ्याच फोनच्या स्क्रीन कडक उन्हात १००० निटच्या वर जातात. प्रिंटसाठी फोटो एडिट करणारे लोक मॉनिटर साधारण ८० ते १२० निटवर ठेवतात. मग फुल्ल ब्राइटनेसवर बघून "फोटो उजळ आहे" असं आपण ठरवतो, तेव्हा उजळ फोटो नसतो, उजळ दिवा असतो. "प्रिंट काळा आला" या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

उपाय फुकट आहे. लॅपटॉपवर एक कोरं पांढरं डॉक्युमेंट उघडा. शेजारी तुमचा फोटोचा कोरा कागद धरा, खोलीत नेहमीचा उजेड असू द्या. स्क्रीनचा पांढरा आणि कागदाचा पांढरा सारखेच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करत जा. पहिल्यांदा वाटेल, स्क्रीन मेली की काय. दहा मिनिटं थांबा, डोळे सरावतात. मग फोटो बघा. माझा आजीचा फोटो या ब्राइटनेसवर खरंच अंधारा होता. प्रिंटर बिचारा खरं बोलत होता.

हे करताना नाइट लाइट, ऑटो ब्राइटनेस, 'व्हिव्हिड' मोड सगळं बंद. फोनवर 'नॅचरल' किंवा 'स्टँडर्ड' असा मोड असेल तर तो लावा.

दुसरी गोष्ट: पाच म्हणजे पाच काय?

फोटोच्या फाइलमध्ये रंग म्हणजे आकडे असतात. लाल २००, हिरवा १२०, निळा ९०, असे. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. वाण्याला "पाच द्या" म्हटलं तर तो विचारणारच, पाच किलो की पाच पाव? हे जे 'किलो' आहे ना, ते म्हणजे कलर प्रोफाइल.

सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एसआरजीबी. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ साली ते आणलं, आणि आजही इंटरनेट बहुतांशी त्यावरच चालतं. पण आयफोन २०१६ पासून, म्हणजे आयफोन ७ पासून, डिस्प्ले पी३ नावाच्या जास्त मोठ्या मापात फोटो काढतो. अशी फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या अॅपमधून छापली की ते अॅप पी३चे आकडे एसआरजीबीचे समजून वाचतं, आणि रंग फिके पडतात.

म्हणून छापण्याआधी फोटो एसआरजीबीत बदलून घ्या. गिम्पसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. फक्त एक काळजी घ्या: तिथे 'असाइन' आणि 'कन्व्हर्ट' असे दोन पर्याय दिसतील. असाइन म्हणजे नुसतं लेबल बदलणं, पाच किलोवर पाच पावची चिठ्ठी चिकटवणं. कन्व्हर्ट म्हणजे खरोखर हिशोब करून आकडे बदलणं. आपल्याला कन्व्हर्ट पाहिजे.

आणि हो, फोटो वॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने घेऊ नका, तिथे तो दाबून लहान होतो. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

तिसरी गोष्ट: आमटी एक, आचारी दोन

माझा खरा बग इथे होता. फोटो छापताना रंगांचा हिशोब दोन जण करू शकतात. एक, तुमचं फोटोचं सॉफ्टवेअर. दुसरा, प्रिंटरचा ड्रायव्हर. दोघांनाही वाटतं की ही आपलीच जबाबदारी. दोघांनीही मीठ घातलं की आमटी खारट. रंगांच्या बाबतीत तो खारटपणा बऱ्याचदा लालसर-जांभळट झाक होऊन दिसतो. आजीचा तांबडा चेहरा आठवतोय ना? तोच.

म्हणून एकच आचारी ठेवा. दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता: सॉफ्टवेअरमध्ये "प्रिंटरला रंग सांभाळू दे" हा पर्याय निवडा, फाइल एसआरजीबीत द्या, ड्रायव्हरमध्ये 'फोटो एन्हान्स', 'व्हिव्हिड' वगैरे सगळे मसाले बंद करा. सुरुवातीला हाच करा.

दुसरा रस्ता: रंग सॉफ्टवेअर सांभाळेल. मग तिथे तुमच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल निवडायचं आणि ड्रायव्हरमधलं रंगांचं काम पूर्ण बंद करायचं. 'नो कलर अॅडजस्टमेंट' किंवा तत्सम नावाने ते सापडतं. यात ताबा जास्त मिळतो, पण एक टिक विसरलात की परत दोन आचारी.

चौथी गोष्ट: कागद कुठला ते प्रिंटरला खरं सांगा

मी ग्लॉसी कागद टाकला होता आणि ड्रायव्हरमध्ये 'प्लेन पेपर' तसंच राहिलं होतं. वाटतं, काय फरक पडतो? खूप पडतो. किती शाई सोडायची, कुठली काळी शाई वापरायची, हे प्रिंटर त्यावरून ठरवतो. चार रंगांच्या बऱ्याच इंक टँकमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, साध्या कागदावरच्या अक्षरांसाठी. ती ग्लॉसी कागदात मुरत नाही, वर बसून राहते, बोट लागलं की पुसते. कागदाचा प्रकार बरोबर सांगितला की तोच प्रिंटर ती शाई बाजूला ठेवतो आणि बाकी तीन रंगांतून काळा बनवतो.

प्रोफाइल कधीच नुसत्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचं मिळून ते असतं. यातला एक बदलला की जुना हिशोब रद्द. बाजारातली स्वस्त शाई भरायला माझा विरोध नाही, पण मग कंपनीचं तयार प्रोफाइल जुळेलच असं धरू नका. रोज सारखे रंग पाहिजेत तर एक शाई, एक कागद पकडा आणि त्यावर टिकून राहा.

आणि छापण्याआधी नोझल चेक करा. एका रंगाची एखादी रेघ तुटलेली असेल तर जगातलं कुठलंही सेटिंग तुम्हाला वाचवणार नाही. आठवड्यातून एकदा तरी एखादं रंगीत पान काढत जा, म्हणजे शाई वाळून नोझल बंद पडायची शक्यता कमी होते.

पाचवी गोष्ट: उजेड

एवढं सगळं करून प्रिंट काढला. माझ्या टेबलावर परफेक्ट. आजीकडे नेला आणि परत पिवळट! कारण माझ्या खोलीत ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी, आणि तिच्या माजघरात जुना पिवळा बल्ब. छपाईच्या धंद्यात प्रिंट तपासायला ५००० केल्व्हिनचा उजेड प्रमाण मानतात. आपल्याकडे तो दिवा नसतो, पण खिडकी असते. दिवसा खिडकीजवळ, थेट ऊन न पडता बघा. आणि प्रिंट निघाल्या निघाल्या निकाल देऊ नका. शाई वाळताना रंग थोडा बदलतो, निदान काही तास जाऊ द्या.

आणि फोटो जिथे लावायचा, तिथल्या उजेडात एकदा बघाच. मी चार छोट्या पट्ट्या छापून नेल्या, थोड्या कमी-जास्त उजळ, आणि आजीच्या भिंतीवर धरून बघितल्या. आजीने दुसरी निवडली. का, तर "हिच्यात गोंदण दिसतंय."

या पट्ट्यांची सवय लावून घ्या. पूर्ण फोटो छापायच्या आधी त्यातला चेहऱ्याचा भाग एका लहान पट्टीवर छापायचा. शेजारी एक करड्या रंगाचा चौकोनही ठेवायचा, ज्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे सारखे असतात. तो कागदावर गुलाबी किंवा हिरवट दिसला तर गडबड छपाईत आहे, फोटोत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पट्टीच्या मागे काय बदललं ते लिहून ठेवा. हे आपलं कागदावरचं गिट समजा.

जे होणार नाही ते

प्रामाणिकपणे सांगतो, स्क्रीन आणि कागद शंभर टक्के कधीच जुळणार नाहीत. स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा निऑन हिरवा शाईत नसतोच. त्याच दिवशी काढलेल्या फोटोतली आत्याची पोपटी साडी कागदावर जरा मलूलच आली, आणि तिने ते मला तीनदा ऐकवलं. सॉफ्ट प्रूफ नावाची सोय वापरली तर कुठले रंग मार खाणार ते छापायच्या आधीच स्क्रीनवर दिसतं. स्क्रीन मोजणारं यंत्रही मिळतं, पण एवढ्यासाठी ते घ्यायची गरज मला तरी पडली नाही. त्याआधी वरच्या पाच गोष्टी करा.

माझं म्हणणं एवढंच आहे. डोळ्यांनी अंदाज घेत स्लायडर हलवून एखादा प्रिंट नशिबाने बरा येतो, दुसरा येत नाही. आधी सगळ्या गोष्टी जागच्या जागी बांधून ठेवा, म्हणजे दर वेळी चूक तरी सारखीच येईल. सारखी येणारी चूक सुधारता येते. रोज बदलणारी नाही. हे कोडला लागू आहे, तसंच आजीच्या फोटोलाही.

शेवटचा प्रिंट आजीने बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, "हं. ही मी." आणि कपाटात, तिच्या ठेवणीतल्या लुगड्यांच्या घडीत ठेवून दिला. मी म्हटलं, "अगं, फ्रेम करून लावूया ना आत्ताच." तर म्हणाली, "आत्ता मी आहे ना समोर. मला बघा की."

तुम्हाला सांगतो, तिचं लुगड्यांच्या घडीत ठेवणं टेक्निकलीसुद्धा बरोबर आहे. डाय शाईचे फोटो उजेडाने आणि हवेने फिके होतात. अंधारात, बंद ठेवलेला फोटो जास्त टिकतो. भिंतीवर लावायचाच असेल तर काचेच्या आत लावा, काच फोटोला चिकटू देऊ नका, आणि ऊन येतं ती भिंत टाळा.

या रविवारी एक काम करा. फोनमध्ये हजारो फोटो पडलेत, त्यातला घरातल्या मोठ्या माणसाचा एक निवडा. पट्टी छापा, खिडकीत धरा, आणि त्यांनाच विचारा, "हे तुम्हीच आहात ना?" काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ब्राइटनेस कमी ठेवा!