नावाचा पडदा

इंदापूर, बारामती, शिरूर ही पुणे जिल्ह्यातील तालुक्यांची गावे. त्यांपैकी शिरूरच्या नावाआड एक लेखिका दडली. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध होताच ‘विभावरी शिरूरकर कोण?’ हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला. पुढल्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी त्याच नावाने आली. या विभावरी म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत बरोबरीच्या मुलींच्या सहवासात त्या शिकल्या. शिकलेल्या, कमावत्या, तरीही अविवाहित राहिलेल्या स्त्रियांची घुसमट त्यांनी उघड मांडली. खरे नाव छापले असते, तर वाचकांनी प्रत्येक नायिकेत त्यांची एखादी मैत्रीण शोधली असती. पडद्याने लेखिकेला झाकले. त्याहून अधिक त्या सख्यांना. कीर्ती मात्र त्या कल्पित नावाच्याच पदरी पडली, आणि लेखिकेने ती तेथेच राहू दिली.